पाऊस पडला आणि आमचा भाव वधारला

दुबई, जुलै २०२४

तीर्थरूप बाबांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू तिकडं नेमकं काय करून रायला बावा?" अमरावतीच्या राजकमल चौकातल्या मंडळींना तुम्हाला धड सांगता येईना, म्हणे. मी सांगायला लागलो तेवढ्यात आईनं गिला वड्याचा विषय काढला, ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

तुम्ही पाटबंधारे खात्यातले. मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण दाखवून "यात मी होतो" म्हणता येतं. मला बोट दाखवायचं तर जमिनीखाली दाखवावं लागतं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी कुठून, कसं काढायचं याचा हिशेब आमची कन्सल्टिंग कंपनी करते. खणतो ठेकेदार, पैसे देतो क्लायंट आणि पाणी तुंबलं की नाव निघतं आमचं.

तुमच्याकडे मेजरमेंट बुक होतं. काम मोजायचं, मग बिल. इथे माणूसच मोजतात. प्रत्येक अर्धा तास कोणत्या प्रकल्पावर घालवला ते टाइमशीटमध्ये भरायचं. नुसता विचार करत बसलो तर तो अर्धा तास कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर मागे मीटिंग झाली. ती मीटिंग कोणाच्या खात्यावर टाकायची, ते अजून ठरायचंय.

क्लायंट म्हणजे अधिक महिन्यातला जावई. आम्ही रिपोर्ट पाठवायचा, त्यानं शेरे मारायचे, आम्ही उत्तरं द्यायची, त्यानं उत्तरांवर शेरे मारायचे. एकदा पाइपाच्या व्यासावर चकार शब्द नाही, पण नकाशाच्या कोपऱ्यातला लोगो जरा डावीकडे घ्या, म्हणे. घेतला. मग उजवीकडे. तेव्हा मी मीटिंगमध्ये ऐकवलं, की २०२२च्या जूनमध्ये आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला आणि कतारचा गिनीज विक्रम मोडला. तेवढ्यात आपला लोगो जागेवर आला असता तरी पुष्कळ होतं! कोणी हसलं नाही. अर्धा तास मात्र लागला.

यंदाच्या एप्रिलपर्यंत आमचे दिवस वाईटच होते. "इथे वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस नाही, एवढे मोठे पाइप कशाला?" असं म्हणून क्लायंट पाइप बारीक करायला लावायचे. नवं काम नाही, अर्धी पोट्टी रिकामी बसलेली, साहेब नजर चुकवायचे. मग १६ एप्रिल उजाडला. १९४९पासूनच्या नोंदींत असा पाऊस नव्हता. अल ऐन भागात एका ठिकाणी तर चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. विमानतळावर पाणी, रस्त्यांवर पाणी, आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्या चाकं बुडवून उभ्या. तुमच्या सूनबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "याच कामाचा पगार घेता ना तुम्ही?"

पाणी ओसरलं आणि आमचा भाव वधारला. जूनमध्ये दुबईनं ३० अब्ज दिरहमची 'तसरीफ' नावाची पर्जन्यजल योजना जाहीर केली. २०३३पर्यंत पुरी करायची आहे. आता साहेब स्वतः चहा विचारतात. रात्री दहाला, कारण घरी कोणी जातच नाही.

परवा एका क्लायंटनं विचारलं, "हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस होता ना? मग आता ९९ वर्षं निवांत!" मी समजावलं, तसं नाही, दरवर्षी तो यायची शक्यता शंभरात एक. पुढच्या ५० वर्षांत निदान एकदा यायची शक्यता धरली तर जवळपास ४० टक्के. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "रिपोर्टमध्ये जरा सौम्य शब्दांत लिहा."

घरामागच्या नालीचं पाणी अंगणात शिरतं, असं आई म्हणाली. लांबी आणि उतार मोजून पाठवा, नकाशा करून देतो. फी नाही, टाइमशीट नाही. अट एकच : शेरे दोघांनी मिळून एकदाच मारायचे.

तुमचा,
बाळ्या