गादी कशाची हवी?

कोंबड्या पाळणारे लोक पिल्लांच्या पायाखाली अंथरतात त्याला चक्क ‘गादी’ म्हणतात. गेल्या महिन्यात आमच्याकडे गिरिराजाची एका दिवसाची पंचवीस पिल्लं आली आणि या गादीपायी मी जेवढं डोकं शिणवलं, तेवढं स्वतःच्या लग्नातल्या गादीसाठीही नव्हतं. (ती सासऱ्यांनी निवडली होती. कापूस कमी, गोळे जास्त.)

सुरुवात वर्तमानपत्रापासून केली, कारण रद्दी घरचीच. पण गुळगुळीत कागदावर एका पिल्लाचा डावा पाय अग्रलेखाकडे गेला आणि उजवा छोट्या जाहिरातींकडे. बिचारं मध्येच बसलं. कोवळ्या तंगड्या अशा चार दिवस फाकत राहिल्या तर तशाच राहतात, हे कळल्यावर कागद गुंडाळला.

मग सुतार. त्याने गोणभर भुसा फुकट दिला आणि वर म्हणाला, “गुरुजी, प्लायचा आहे हो, डिंकबिंक असतो त्यात.” शिवाय तो पिठासारखा बारीक. पिल्लांचा समज असा, की पायाखाली येतं ते सगळं खायचंच असतं. पोट लाकडाने भरलं की मक्याला जागा कुठली! भुईमुगाची टरफलं घाटावर ठीक, आमच्या कोकणात ती मिळणार कुठून?

“तूस आण,” आई म्हणाली. “कोंडा नव्हे, तूस. कोंडा म्हशीला.” गेलो गिरणीत. एके काळी गिरणीवाला हात जोडून म्हणायचा, तेवढा ढीग न्या हो. आता वीटभट्टीवाले आधीच पैसे देऊन जातात. ओळखीवर चार गोणी मिळाल्या, त्याही उपकार केल्यासारख्या.

पडवीत पत्र्याचं गोल कडं केलं. गोल अशासाठी, की कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकमेकांच्या उरावर चढतात आणि खालची गुदमरतात. त्यात दोन इंच तूस, वर साठचा दिवा. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश ऊब लागते. तुसावर तीन दिवस पुन्हा कागद, पण या खेपेला खडबडीत, त्यावर मक्याचा भरडा. म्हणजे खाणं कुठलं आणि अंथरूण कुठलं एवढं तरी कळावं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस मी रोज मुठीत दाबून बघत असे. मूठ उघडल्यावर भुरभुरलं तर ठीक. लाडू वळला तर ते काढायचं, नाहीतर आधी डोळे चुरचुरवणारा वास आणि मागोमाग रक्ती हगवण.

आई हे सगळं उंबऱ्यावरून बघत होती. “आमच्या वेळी डालग्याखाली कोंबडी आणि कोंबडीखाली पिल्लं. संपलं.”

“अगं, ही यंत्रात उबवलेली. यांना कुठली आलीय कोंबडी?”

ती काही बोलली नाही. रात्री मात्र दिवा नीट लागलाय ना, हे बघायला दोनदा उठली.

चौथ्या दिवशी कागद काढला. एका पिल्लाने तूस नीट पाहिलं, मग एकदा उजव्या, एकदा डाव्या पायाने भराभर मागे उडवत पार जमीन उघडी केली आणि दिव्याखालच्या त्या कोऱ्या जमिनीवर पोट टेकून डोळे मिटले.

मी रोज संध्याकाळी तो खड्डा बुजवतो. सकाळी तो असतोच, जरासा मोठा.