वेशीवरून परतलेलं खोकड

इंग्रजीत ‘फेनेक’ म्हणजे सहाराच्या वाळवंटात राहणारं चिमुकलं खोकड. वजन एक-दीड किलो, म्हणजे गल्लीतल्या बोक्यानंही दम द्यावा एवढंच. कान मात्र पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब. त्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर पडते आणि वाळूखाली किडा सरकला तरी त्याची चाहूल लागते. तळपायांना दाट केस, चटके बसू नयेत म्हणून. शब्द मूळचा अरबी, ‘फनक’. तो युरोपात गेला आणि त्याचं नशीब फळफळलं.

आता प्राण्यापेक्षा त्याचं नावच जास्त फिरतं. अल्जीरियाच्या फुटबॉल संघाला चाहते फेनेक म्हणतात. ते ठीक, प्राणी त्यांचाच. मोझिलानं फायरफॉक्स मोबाईलवर आणायला घेतला तेव्हा त्या धाकट्या भावंडाचं संकेतनाव फेनेक ठेवलं, तेही गोड. पण जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सैन्यांसाठी टेहळणीची चिलखती गाडी झाली, दहा टनांच्या आसपास, तर तिचंही नाव फेनेकच! फ्रेंचांनी तर कमाल केली. त्यांच्या एका हलक्या हेलिकॉप्टरचं नाव ‘एक्युरॉय’, म्हणजे खार. तीच खार सैन्यात भरती झाली की तिला फेनेक म्हणायचं. लढाईला खार निघाली हे कागदोपत्री बरं दिसत नसावं.

पण आम्हा नाशिककरांना फ्रेंचांना हसायची सोय नाही. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. आसपासच्या गच्च्यांवर जुन्या साडीवर कुरडया वाळत असतात, वरून हेलिकॉप्टर घरघरत जातं, आणि मान वर कुणीच करत नाही. साडीच्या चार कोपऱ्यांवरच्या विटा जागेवर आहेत ना, एवढं फक्त बघितलं जातं. तर या आमच्या घरच्यासारख्या झालेल्या ‘चेतक’चं माहेरचं नाव ‘अलुएत’, म्हणजे चंडोल. माळावरून गात गात वर जाणारा एवढासा पक्षी आपल्याकडे आला आणि थेट राणा प्रतापांचा घोडा झाला. त्याच घराण्यातल्या ‘लामा’नं 1972 मध्ये 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला, त्याचं आपण बारसं केलं ‘चीता’. बरोबरच आहे म्हणा. बॉर्डरवर चंडोलात बसून गेलो होतो, असं घरी येऊन कोण सांगेल?

पुढे चेतक-चीता थकले म्हणून लष्करानं 197 नवी हलकी हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरवलं, आणि त्या शर्यतीत पुढे आलं ते हेच फेनेक. आता ते येणार, गांधीनगरवरून उडणार, असं वाटेपर्यंत 2007 च्या डिसेंबरात सगळंच रद्द झालं. पुन्हा निविदा, पुन्हा चाचण्या, फेनेक पुन्हा रांगेत. 2014 मध्ये तेही गुंडाळलं. सहाराचं खोकड असं नाशिकच्या वेशीपर्यंत येऊन दोनदा माघारी गेलं.

वेशीच्या आत आमचं स्वतःचं खोकड होतंच, पण त्याला विचारतो कोण! येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या माळावर लोक काळवीट बघायला जातात. दिवेलागणीला बिळाच्या तोंडाशी बसलेलं हे करड्या अंगाचं, हडकुळ्या पायांचं जनावर त्यांना दिसतं, आणि “अरे, कोल्ह्याचं पिल्लू!” म्हणून गाडी पुढे निघते. अंग इकडे आणि कान तिकडे वळवून ते बसलेलं असतं. शेपटी झुपकेदार, टोक काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं. त्या टोकावरूनच ओळखायचं, कारण कच्छ-राजस्थानातल्या वाळवंटी खोकडाच्या शेपटीचं टोक पांढरं असतं.

बरं, त्याच्या वाट्याची एकुलती एक गोष्टसुद्धा आपण त्याला लाभू दिली नाही. द्राक्षं आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी खोकडाचा सख्खा भाऊबंद. मराठीत येताना ती भूमिका गेली कोल्ह्याला, ज्याची सोयरीक खरी लांडग्या-कुत्र्यांशी. आणि तो प्राणी खोटं तरी काय बोलला? ऑक्टोबर छाटणी झालेल्या निफाडच्या बागेत डिसेंबरात मणी तोंडात टाकून बघा. बागाईतदारसुद्धा गोडी मोजल्याशिवाय माल उतरवत नाही. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून खोकडाला म्हणीतही जागा नाही. मराठीनं त्याच्या नावे ठेवलं काय, तर गाल बसलेल्या वृद्धाला हिणवायचं ‘म्हातारं खोकड’.

शेजारचे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना म्हटलं, “काका, फेनेक आलं असतं तर आपल्या रिवाजानं त्याचंही बारसं झालं असतं. ‘खोकड’ नाव कसं वाटतं?”

“नव्या कोऱ्या मशिनला खोकड?” काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि पायलट टॉवरला काय सांगणार? ‘खोकड तीन बोलतोय, उतरू का?’ वरून आवाज येईल, ‘आजोबा, सावकाश.’”

“मग सध्या उडतायत त्यांना देऊ या. चेतकला साठी उलटून गेली की.”

काका एकदम सावरून बसले. “ते जमायचं नाही. माझंही वय तेवढंच आहे.”