भागिले सत्याऐंशी

परवा गणपतीची वर्गणी मागायला नानांकडे गेलो. पावतीवर ५०१ रुपये आधीच लिहून ठेवले होते, म्हणजे घासाघीस नको. नानांनी पावतीपुस्तक हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि सहा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले.

“पाचशे एक भागिले सत्याऐंशी. पाच रुपये शहात्तर पैसे होतात. वरचे चोवीस पैसे बाप्पाला.”

सत्याऐंशीच का, ते सांगतो; पण नाना कोण, हे सांगायला नको. तुमच्याकडेही एक आहेच. तुमच्याकडचा जुनी घड्याळं जमवत असेल, फाउंटन पेनं घेत असेल, नाहीतर कॅमेऱ्याची भिंगं. पेन्शन तेवढीच, भाव दुप्पट, घरात रोज कुरबूर, आणि कुरिअरवाला मात्र दर महिन्याला जिन्यात हजर. असा माणूस खर्च कमी करत नाही, हिशेबाची पद्धत बदलतो. आमच्या नानांचा छंद खेळण्यातल्या आगगाड्यांचा. ‘खेळण्यातल्या’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘मॉडेल रेल्वे’ म्हणायचं, आणि म्हणताना हसायचं नाही.

नानांची सारी नोकरी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, ऑडिटला गेली. दुसऱ्याच्या टीए बिलात टांग्याचे दोन रुपये जास्त लावलेले त्यांना लांबून वास येऊन कळायचे. असा माणूस निवृत्त झाला, लष्कर भागातल्या आपल्या जुन्या घराच्या गच्चीवरची खोली त्यानं आगगाडीला दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं ऑडिट करायची वेळ आली. त्यातून हा सिद्धांत निघाला. नानांच्या गाड्या ‘एचओ’ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या एकास सत्याऐंशी. साडेतीन मिलिमीटर झाले की एक फूट.

“इंजिन एकास सत्याऐंशी,” नाना बोटांवर मोजत सांगतात, “डबा एकास सत्याऐंशी, स्टेशनमास्तर एकास सत्याऐंशी. मग किंमत तेवढी पूर्ण मापाची का धरायची? आक्षेप घेण्याजोगी बाब आहे ही.”

आक्षेप घेणारे तेच, निकाल देणारेही तेच. त्यामुळे १७,४०० रुपयांचं जर्मन इंजिन वहीत २०० रुपयांना चढलं. “दोनशे रुपयांत आजकाल भाजी तरी येते का?” असं वर आम्हालाच विचारलं.

आता कोणालाही वाटेल, की चला, भागाकार तर भागाकार, सगळ्यांनाच लागू करा. तसं नाही. काकूंचा मिक्सर पूर्ण मापाचा. माझ्या स्कूटरचे टायर पूर्ण मापाचे. गच्चीवर गाडी बघायला येणाऱ्यांकडून नाना तिकीट घेतात, तेही पूर्ण मापाचं, कारण “उत्पन्नाला सवलत नसते.” घरातल्या पुतण्यांनाही सूट नाही. काकूंनी हे सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि दसऱ्याची वाट पाहिली. दसऱ्याला नानांच्या ताटात श्रीखंडाचा एक ठिपका पडला. नाना ताटाकडे बघतच राहिले.

“अडीचशे ग्रॅम भागिले सत्याऐंशी,” काकू म्हणाल्या. “तीन ग्रॅमला थोडं कमी भरेल. पण केशराची काडी पूर्ण मापाची घातली आहे हो.”

पुढचे आठ दिवस भागाकार बंद होता. मग कुरिअरवाला आला.

खरं तर कुरिअरवाल्याचं येणंही अवघड होत चाललं होतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ साली ७० वर. नानांना ७० टक्क्यांचं दुःख होतंच, पण सरकारनं त्यांच्या इंजिनाला खेळण्यांच्या रांगेत बसवलं, याचं जास्त झालं. मग भेट म्हणून मागवावं, तर तो रस्ता २०१९ च्या डिसेंबरातच बंद झालेला. परदेशातून भेट म्हणून ड्यूटी न भरता आता दोनच गोष्टी येऊ शकतात, जीवरक्षक औषधं आणि राखी. हे वाचताच नानांचे डोळे चमकले. त्यांची धाकटी बहीण जर्मनीत, स्टुटगार्टला असते. मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या मेर्कलिन कंपनीचं गोपिंगेन तिथून जवळच. इंजिनाला रेशमी दोरा बांधला की झाली राखी! एवढं छोटं इंजिन मनगटावर आरामात बसतं, हे नानांनी मला बांधून दाखवलं. दुर्दैवानं नियम लिहिणारा नानांच्याच जातीचा निघाला. त्यानं कंसात टाकून ठेवलं होतं, की राखी चालेल, राखीच्या निमित्तानं दिलेली भेट चालणार नाही. बहिणीनं शेवटी इंजिनाचं चित्र चिकटवलेली राखी पाठवली. नानांनी ती वहीत जमेच्या बाजूला दाखवली आहे.

हार मानतील तर ते नाना कसले? ग्वाल्हेरच्या मेळ्यात नवी गाडी घेतली, की रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते. नानांनी तिथल्या काउंटरवर जाऊन विचारलं, की आगगाडीला किती मिळते. काउंटरवरच्या पोरानं नम्रपणे विचारलं, “चाचाजी, कितने सीटर है?”

मग नानांनी स्वदेशीचा मार्ग धरला. विकतचं काही आणायचं नाही, सगळं घरात करायचं. रुळांखालची खडी म्हणून फरशीच्या कारखान्यातून ग्वाल्हेरी दगडाची भुकटी आणून चहाच्या गाळणीनं गाळली. (ती गाळणी आता गच्चीवरच असते.) झुडपं म्हणून भांडी घासायचा हिरवा स्क्रबर कुरतडून लावला. झाडं म्हणून तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या उभ्या केल्या. शेतातली काळी माती मात्र चहाच्या चोथ्याची. तीन बाय सात फुटांचं शेत भरायला किती चोथा लागतो, याचा अंदाज मला महिन्यानं आला. तोवर त्या घरात दिवसाला दहा-बारा वेळा चहा होऊ लागला होता. येईल त्याला चहा, जाईल त्याला चहा. प्यायला नाही तर नाना दुखावायचे. फुकटच्या मातीपायी दुधाचं आणि साखरेचं बिल किती वाढलं, ते काकूंनी भागाकार न करता सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

पण खरं काम पाहावं ते प्रवाशांचं. परदेशी कंपन्या रंगवलेली तयार माणसं विकतात, बोटाच्या पेराहून लहान, पण किंमत अशी की नानांनासुद्धा दोनदा भागावं लागेल. म्हणून नाना माणसं घरी करतात. आगकाडीचा तुकडा म्हणजे धड, पुठ्ठ्याचे हातपाय, आणि मोहरीचा एक दाणा म्हणजे डोकं. त्यावर लाल दोऱ्याचे तीन वेढे घातले, की फेटा. एका माणसाला एक दुपार जाते. नाना भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून तो दाणा डिंकावर बसवतात आणि बसला की हळूच म्हणतात, “चलो, बैठो.” अशी चाळीसएक माणसं त्यांनी डब्यांच्या टपावर बसवली होती, कारण नानांच्या लहानपणीची सबलगडची गाडी टपावर माणसं असल्याशिवाय चालत नसे. एका रात्री उंदीर आला आणि सबलगडची अख्खी सवारी खाऊन गेला. मागे राहिली नुसती धडं. नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

नानांचं दैवत विचाराल तर ग्वाल्हेरचे जुने महाराज माधवराव शिंदे. घरी पाहुणा आला की त्याला किल्ला नंतर, तानसेनची कबर नंतर, आधी जयविलास पॅलेस. तिथेही दरबार हॉलमधली झुंबरं बघायला थांबू देत नाहीत. थेट भोजनगृहात नेतात आणि त्या लांबलचक टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीसमोर उभं करतात. सात वाघिणी, एकेकीवर शिंदे घराण्याच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. जेवण झालं की ती गाडी मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. कोणी बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. एका मेजवानीत ती बिथरली आणि बड्या पाहुण्यांच्या अंगावर सगळं सांडत सुटली, अशीही एक गोष्ट सांगतात. नाना ती सांगत नाहीत. दैवताच्या गाडीला अपघात होत नसतो.

नानांनी एका श्रावणी सोमवारी हा प्रयोग घरच्या जेवणाच्या टेबलावर केला. पण त्यांचं इंजिन तळहाताएवढं. आमटीची वाटी ठेवली, तेव्हा चाकं जागच्या जागी फिरली आणि जळकट वास आला. भाताला तर गाडीनं हातच लावला नाही. शेवटी वजनाचा विचार करता गाडीला झेपेल असं ताटात एकच आढळलं, ते म्हणजे डावी बाजू. तेव्हा मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि चार वाटाण्यांची कोशिंबीर घेऊन गाडी निघाली. पहिल्याच वळणावर मिठाचा डबा घसरला. नाना पळत आले, गाडी उचलली, चाकं फुंकली. आम्ही ताटावर हात धरून बसलो होतो. उजव्या बाजूचं सगळं काकूंनी पूर्ण मापाच्या पळीनं वाढलं.

इथवरचं हसण्यासारखं. आता थोडं मागे जातो. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारनं कर्मचाऱ्यांचा आणि पेन्शनरांचा वाढीव महागाई भत्ता अठरा महिन्यांसाठी गोठवला. आम्हा सगळ्यांचेच चेहरे उतरले. नानांनी आकडेमोड केली. “अठरा महिने भागिले सत्याऐंशी. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे.” मग त्याच सहा दिवसांत काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. जर्मन इंजिन पुण्याच्या एका छांदिष्टाला विकलं गेलं, नऊ हजारांना. पुणं नानांचं तीर्थक्षेत्र. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ साली १ एप्रिलला सुरू झालेलं, तिथे नाना वारी केल्यासारखे जाऊन आलेत. इंजिन योग्य गावी गेलं, असं ते म्हणाले. आणि नुकसान? “आठ हजार चारशे भागिले सत्याऐंशी. शहाण्णव रुपये पंचावन्न पैसे. फार नाही.” खोका बांधताना मात्र त्यांनी त्या इंजिनाला काकूंच्या जुन्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळलं. त्याची किंमत कोणत्याही वहीत नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा भागाकार खर्च लपवायला कमी आणि नुकसान सोसायला जास्त आहे. माणूस लबाड आहे हे मी मागे घेत नाही.

त्याच वर्षी मार्च महिन्यात आणखी एक गोष्ट गेली होती. ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज. दोन फुटी रूळ, १९९ किलोमीटर, दहा-अकरा तास. नानांच्या दैवतानंच ती बांधवली. राजवाड्याच्या आवारात फिरायला घातलेल्या छोट्या गाडीपासून सुरुवात झाली असं म्हणतात. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडे लोकांसाठी गाड्या धावू लागल्या, आणि १९०९ पर्यंत रूळ श्योपूरला पोचले. एका राजाच्या हौसेची गाडी चंबळच्या खेड्यापाड्यांची गाडी झाली. नानांचे वडील सबलगडला मास्तर होते. सुट्टीत आजोळी लष्करात यायचं ते याच गाडीनं, टपावर बसून. लॉकडाऊनला गाडी थांबली आणि पुन्हा सुटलीच नाही. आता तिथे टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज येते आहे. ती यायलाच हवी. दवाखान्यासाठी ग्वाल्हेर गाठायला जौरा-कैलारसच्या माणसानं अर्धा दिवस टपावर का बसावं? हे नानांनाही पटतं. “एकशे नव्याण्णव भागिले सत्याऐंशी,” ते म्हणाले. “सव्वादोन किलोमीटर. एवढीच तर लाइन गेली.”

जर्मन इंजिनाची जागा मोकळी झाली, तिथे त्यांनी हीच लाइन बसवली आहे. दोन फुटांचे सत्याऐंशीनं सात मिलिमीटर होतात. सात मिलिमीटरचे रूळ परवडेनात, म्हणून त्यांनी नऊचे घातले, जपानी बनावटीचे. त्या दोन मिलिमीटरपायी खरी लाइन जवळजवळ सात इंचांनी जास्त रुंद होते, आणि या चुकीबद्दल नानांनी स्वतःच्याच वहीत स्वतःवर ऑडिट पॅरा काढला आहे. घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगड. खोलीत मावतील तेवढी स्टेशनं, पिवळ्या पाट्यांसकट. एका राजानं खेळण्याची रेल्वे केली. आपण रेल्वेचं खेळणं करतो आहोत, हे नानांना ठाऊक आहे. फरक एवढाच, की राजाच्या खेळण्याला संग्रहालय मिळालं आणि याला गच्चीवरचा गळका पत्रा.

परवा उद्घाटनाला मला बोलावलं. पूर्ण मापाचं तिकीट काढायला लावलं. मी मनात हिशेब केला होता, दहा तास भागिले सत्याऐंशी म्हणजे सात मिनिटं, मग घरी. गाडी ग्वाल्हेरहून सुटली आणि सबलगडला येऊन थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंजिन बिघडलं असेल म्हणून मी उठून वाकून पाहू लागलो.

“बस खाली,” नाना म्हणाले. “सवारी चहा पिते आहे.”

काकू खालून चहा घेऊन आल्या. चोथा परत द्यायचा, हे त्यांनी आठवणीनं सांगितलं. अर्ध्या तासानं मी विचारलं, श्योपूर कधी येणार. नानांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. “वेळेवर असली तर रात्री आठ-साडेआठ.”

“नाना,” मी हात जोडले, “भागा ना.”

टीए बिलात खोटा टांगा सापडावा तसे ते माझ्याकडे बघत राहिले. “तिकीट श्योपूरचं काढलंयस ना? मग बस गप.”