आतली बातमी, भाडं वेगळं

जबलपूरच्या गाडीत वाचायला मी भानू अथैयांचं ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ घेतलं. हेतू शुद्ध नव्हता. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची ही लेक. ‘श्री ४२०’मध्ये नादिराला आणि ‘ब्रह्मचारी’त मुमताजला तिनं सजवलं, १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर आणलं. नट्यांची मापं जिच्याकडे, तिच्याकडे लफडीही असणार, असा माझा हिशेब. इटारसीपर्यंत मी लफडं शोधत होतो आणि हाती लागत होतं कापड. कोणता रंग, कोणती वीण, साडी कशी चापूनचोपून नेसवली. माप घेताना कानावर पडलेलं बाहेर काढायचं नाही, ही जुनी रीत बाईंनी पाळलेली दिसली. “पैसे फुकट गेले,” सौ. म्हणाली आणि झोपली.

मावशीचं घर जबलपुरात तीन पिढ्यांचं. “आधी खोव्याची जिलबी खा, मग आराम से फिरा,” म्हणाली. जिलबी काळीसावळी, दिसायला बेताची. पण एक खाल्ल्यावर रूपाचा प्रश्नच उरला नाही. जया भादुरी इथे जन्मल्या, अर्जुन रामपाल इथलाच, एम्पायर टॉकीज प्रेमनाथचं होतं, हे सगळं तिनं वाढता वाढता सांगितलं. “आणि प्रेमनाथची बहीण कृष्णा राज कपूरला दिली ना!” हे अशा थाटात, की अंतरपाट मावशीनंच धरला होता.

खरा माहीतगार भेटला तो भेडाघाटला, पंचवटी घाटावर. वल्ही मारत नावाडी यमकं जुळवत होता. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, खाली नर्मदेचं हिरवं गाढ पाणी. दोन मिनिटं मीसुद्धा गप्प बसलो. तो मात्र नाही. इथे ‘अशोका’ची करीना, तिथे ‘मोहेंजोदडो’तला हृतिक मगरीशी झुंजला. “और यहाँ पद्मिनीजी!” पिक्चर ‘जिस देश में गंगा बहती है’. त्यावर त्याचा राग ताजा होता. “नाम गंगा का, काम मैया से करवाया!” राज कपूर बसायचे तो दगड त्यानं दाखवला. परतताना पुन्हा दाखवला. तो दुसराच होता.

“तुम्ही पाहिलं होतं?”

“पिताजी ने.”

पोरगा पंचविशीचा, पिक्चर १९६० च्या सुमाराचा. मी बोटं मोजायला लागलो, तसा म्हणाला, “साहब, चट्टान देखिए.”

उतरताना सौ.च्या नकळत त्यानं मला संसाराचा सल्ला दिला: घरवाली कपडा दाखवेल, तर पहले ‘हाँ’, बाद में दाम. त्याचे वीस रुपये वेगळे.

संध्याकाळी बाजारात गेलो. सलवार-सूट ही जबलपूरची खासियत. दुकानदारानं लाल-सोनेरी सूट उलगडला, “करीनावाला, अशोका स्टाइल.” त्या पिक्चरमध्ये करीनानं सलवार घातल्याचं मला आठवेना. मी ते आठवत असतानाच सौ.नं विचारलं, “कसा आहे?”

“केवढ्याला?” मी म्हणालो.

रात्री मावशीकडे मी अथैयाबाईंचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. बोलायला कुणीच नव्हतं.