गिअरबॉक्सवाले तात्या

पाटोदा म्हटलं की परगावचे लोक हमखास त्या आदर्श गावाबद्दल विचारतात. ते पाटोदा छत्रपती संभाजीनगरजवळचं. आमचं बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं, ज्या तालुक्यात मांजरा उगम पावते तिथलं. आमच्याकडे आदर्श म्हणावा असा एकच, तात्यांचा गिअरबॉक्स.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. उभी हयात क्लच दाबण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी पुण्याहून एक जुनी, पांढरी, भलीमोठी फोर बाय फोर आणली. स्वस्तात मिळाली, कारण ऑटोमॅटिक. 'बिघडली तर हात कोण लावणार?' या धास्तीनं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. गाडीला क्लच नाही, म्हणजे डावा पाय रिकामा. पण पायाला ते कोण सांगणार? पहिल्याच दिवशी त्यानं क्लच समजून ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरच्या काकू पुढं येऊन बसल्या. तेव्हापासून तात्या डाव्या पायाची मांडी घालून गाडी चालवतात, पंगतीला बसल्यासारखी.

क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो हे कळल्यापासून त्यांचा मुक्काम तेलात आहे. तेलात समोरासमोर दोन पंखे. इंजिननं फिरवलेला एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. "म्हणजे गाडी कोण ओढतं?" हा प्रश्न ते चहाच्या टपरीवर कुणालाही विचारतात. इंजिन म्हणालात तर दुसरा चहा होईपर्यंत सुटका नाही. उत्तर 'तेल' असं आहे. नवं असताना लाल, तापून जळलं की तपकिरी, करपट वासाचं. तात्या पांढऱ्या रुमालावर थेंब घेतात, डोळे मिटून हुंगतात आणि गंभीर होतात. सोयरीक बघायला गेले तरी नवरदेवाच्या बापाला आधी पगार नाही, ऑईल कधी बदललं ते विचारतात.

"कंपनी म्हणते गाडीच्या आयुष्यभर पुरतं," कुणी तरी बिचारा बोलून जातो.

"बरोबर. तेल मेलं की गाडीचं आयुष्य संपलं. हिशोब जुळला का न्हाई?"

तेल एकदा सोडून तात्यांचं भागत नाही, कारण नट उघडला तरी कन्व्हर्टरमधलं बरंचसं जुनं तेल आतच राहतं. म्हणून सोडायचं, नवं भरायचं, गाडी फिरवायची, पुन्हा सोडायचं. पातळी बघायला पट्टी नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक गरम झालं की खालचा नट उघडायचा आणि थेंब थेंब पडायला लागलं की बंद करायचा. मिस्त्री गाडीखाली आडवा, तात्या शेजारी उकिडवे. काकू दारातून म्हणतात, "माझ्या गुडघ्यातलं ऑईल कधी बदलायचं ते पण विचारा त्याला."

त्यांच्या गाडीत बसणं म्हणजे शिस्तीचा वर्ग. सौताड्याच्या धबधब्याकडं उतारावर थांबायचं झालं की आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल, मग कुठं पार्किंग. नाहीतर दोन टनांची गाडी आतल्या बोटाएवढ्या खिळीवर तोलली जाते. हे खरं आहे. पण एका लग्नात हे सगळं होईपर्यंत अक्षता पडून गेल्या, तेही खरं आहे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याशी तर ते बोलणंच सोडतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नाही. पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात आणि वळणावर ताण गिअरवर येतो. पण ती यंत्रणा अधूनमधून वापरलीच पाहिजे, म्हणजे आतलं तेल फिरतं. त्यासाठी चिखल हवा. आमच्या भागात चिखल ही मोठी मौल्यवान वस्तू. पाऊस झाला की शेतकरी वाफशाची वाट बघतो, तात्या वाफसा व्हायच्या आत शिवारात पोचतात.

वैताग त्यांच्या बोलण्याचा नाही, माणूस दरवेळी बरोबर असतो याचा आहे. 1939 साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढला, पुढं तो युद्धात रणगाड्यांनाही बसवला, हे त्यांना पाठ. "रणगाड्याचं तेल बदलत होते, आन् तुमच्या सरपंचाच्या गाडीचं नको?"

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या होत्या. अंथरुणं, भांडी, शेळ्या, पोरं भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर रस्त्याकडच्या काळ्या मातीत रुतला. सगळ्यांच्या नजरा तात्यांच्या गाडीवर.

"तात्या, लावायचं का टोचन?" मुकादमानं विचारलं.

तात्या खाली उतरले. वजन किती, चढ किती, लो रेंज कधी, ओढताना कन्व्हर्टर घसरला की तेल किती तापतं, सगळं सांगितलं. बायका ट्रॉलीतून उतरून झाडाखाली बसल्या. तेवढ्यात मागून एक जुना ट्रॅक्टर आला, त्यानं साखळी अडकवली आणि काळा धूर सोडत एका दमात सगळं वर काढलं.

तात्या तडक त्या ड्रायव्हरकडं गेले. "गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं रं?"

पोरगं साखळी गुंडाळत म्हणालं, "त्यात तेल असतंय व्हय?"

तात्या बायकांच्या शेजारी झाडाखाली बसले आणि पाणी मागितलं.