निवांतराव

"या वेळी काही म्हणजे काही ठरवायचं नाही. नाशिकला जायचं, दोन घोट वाइन, चार घास तिथलं खाणं. बस्स, निवांत!" असा निरोप डिसेंबरात ग्रुपवर आला आणि त्याच्या पाठोपाठ एक एक्सेल फाइल आली. तिला सहा पानं होती. तिसऱ्या पानाचं नाव होतं 'निवांत वेळ (राखीव)'.

त्यांचं पाळण्यातलं नाव काहीही असो, आम्ही त्यांना निवांतराव म्हणतो. चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालंय. आधी माल कधी निघणार ते ठरवायचं, मग तिथून उलटं मोजत यायचं. आमच्या सहलीतला माल म्हणजे आनंद. तो शनिवारी दुपारी १२ वाजता निघणार होता, म्हणून पुण्यातून पहाटे पाचला सुटायचं, म्हणून वहिनींनी साडेतीनला उठायचं.

महिनाही त्यांनीच काढला. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम. "एप्रिलात गेलात तर खरडछाटणी झालेली असते, काय काड्या बघायच्यात?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं, की जणू आम्ही कुणी एप्रिलचा हट्ट धरून बसलो होतो. शिवाय महाराष्ट्रात वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स त्यांनी मागवून घेतल्या. आमच्यातला सर्वांत धाकटा ४७ वर्षांचा आहे.

नारायणगावला चहासाठी बारा मिनिटं होती. त्यातली नऊ शामराव चौगुल्यांवर गेली. ऐंशीच्या दशकात याच गावात त्यांनी फ्रेंच तंत्र आणून फसफसणारी वाइन काढली, ओमर खय्याम नावानं ती परदेशी गेली, वगैरे. पुढे संगमनेरपर्यंत राजीव सामंत. अमेरिकेतली नोकरी सोडून माणूस गंगापूर धरणाजवळच्या माळावर येतो, १९९९ मध्ये सुला सुरू करतो, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणतो. निवांतरावांचा आवाज इथे हलकासा कापरा झाला. सामंतांनी हे सगळं एक्सेलशिवाय केलं असेल, हे त्यांना मान्य नाही.

मिसळीपाशी पहिली ठिणगी पडली. नाशिकला जाऊन मिसळ खायची नाही असं कुणी म्हणू शकत नाही, पण तक्त्यात 'रस्सा: एक वाटी' असं लिहिलेलं होतं. तिखटानं जीभ बधिर होते आणि पुढचं टेस्टिंग वाया जातं. मटकी, पापड, दही आणि शेवटी जिलबी अशी ती ताटली समोर आली, काळ्या रश्श्यावर तर्री हलली आणि आमच्यातल्या तिघांनी तक्त्याकडे पाठ केली. रश्श्याच्या चौथ्या वाटीला निवांतरावांनी खिशातून बिनमिठाच्या बिस्किटांचा पुडा काढला आणि औषध वाटावं तशी बिस्किटं वाटली.

वायनरीतला मुलगा गोड होता. आधी त्यानं बाग दाखवली. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची. पण खायच्या द्राक्षांपेक्षा गोड. साखर भरपूर लागते, कारण तिचीच पुढे दारू होते. निवांतराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मुलगा बरोबर सांगतोय याची ते आम्हाला ग्वाही देत होते.

मग पेले आले. प्रत्येकी पाच वाइन, प्रत्येकी इवलासा घोट. निवांतरावांनी छापील कागद वाटले. वाइनचं नाव, रंग, सुगंध, चव. सगळे रकाने आधीच भरलेले होते! आम्ही फक्त टिक करायची होती. सोव्हिन्यो ब्लांपुढे 'रायआवळा, ओलं गवत' असं लिहिलेलं. आम्ही पेला गोल फिरवला, नाक खुपसलं आणि आज्ञाधारकपणे रायआवळ्याला टिक केली.

वहिनींनी मात्र पेला नाकापासून लांब धरला, परत जवळ आणला आणि म्हणाल्या, "ढोबळी मिरची. चिरताना येतो ना, अगदी तो वास."

"मिरची कुठून आली यात?" निवांतराव म्हणाले.

"बरोबर आहे मॅडम," मुलगा एकदम खुलला. "ढोबळी मिरचीत असतं तेच द्रव्य या द्राक्षातही असतं. फार कमी लोकांना पटकन ओळखू येतं."

तिसऱ्या वाइनपासून मुलगा वहिनींकडे बघूनच बोलायला लागला. निवांतरावांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात कागदावर 'ढो. मि.' असं लिहून ठेवलं. प्रामाणिक माणूस!

आणि ते स्वतः पीत नव्हते. गाडी त्यांच्याकडे होती. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, हा आकडा त्यांनी तक्त्यात लाल रंगात लिहिला होता. म्हणून ते घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचे. जगभर जाणकार असंच करतात म्हणे. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते लपत नाही. चौथ्या पेल्यापासून वहिनींनी त्यांचा वाटा आपल्याकडे ओढून घेतला.

रात्रीच्या जेवणातही जोड्या ठरलेल्या होत्या. मटण आणि काळा मसाला: शिराझ. साबुदाणा वडा: शेनिन ब्लां. वड्याची जोडी खरंच जमली, हे कबूल करायला हवं. किंचित गोडसर वाइन तिखटाला सांभाळून घेते. मात्र ठेच्यावर शिराझ घेतल्यावर आमच्यातला एक जण उठून अंगणात गेला. लाल वाइनचा तुरटपणा तिखटाला आणखी पेटवतो, असं निवांतराव त्याच्या पाठीमागून जाऊन समजावत होते. "ठेच्याबरोबर ताकच," वहिनी म्हणाल्या आणि विषय संपवला. त्यानंतर पुण्याहून आणलेला कॉर्कस्क्रू समारंभानं बाहेर निघाला. विकत घेतलेल्या बाटलीला फिरकीचं झाकण होतं.

साडेनऊ ते साडेदहा 'निवांत गप्पा' होत्या. साडेदहाला घड्याळाकडे बघून निवांतराव उठले. आमच्या गप्पा नुकत्या कुठे रंगत होत्या.

रविवारी जुन्या नाशकातलं फिरणं, चिवड्याची खरेदी, मग पिठलं-भाकरी. जेवणानंतर निवांतराव आंब्याखालच्या खाटेवर 'जरा पाठ टेकतो' म्हणून कलंडले. मोबाइलचा गजर एकदा वाजला, तो वहिनींनी बंद केला. मग आम्ही टोपलीतली द्राक्षं खात बसलो.

रात्री अकराला हिशेब आला. पेट्रोल, टोल, मिसळ (जादा रस्सा धरून), माणशी भाग पैशापर्यंत. सगळ्यांत खाली एक ओळ होती: 'निवांत वेळ: नियोजित ५ तास, प्रत्यक्ष ४० मिनिटे. तूट पुढील सहलीत भरून काढू.'

त्याखाली वहिनींचं उत्तर आलं. "ती चाळीस मिनिटं तुम्ही झोपला होतात तेव्हाची."