मूक संमती, मार्गे घोटवडे फाटा

पुण्याजवळ भरे गावच्या घोटवडे फाट्यावर सकाळच्या कोंडीत अडकलात की हॉर्न वाजवण्याआधी तत्त्वज्ञ जॉन लॉकची आठवण काढा. राज्याच्या हद्दीतल्या हमरस्त्यावरून माणूस नुसता मोकळेपणाने गेला, तरी त्याने तिथल्या सरकारला मूक संमती दिली असं समजावं, हे लॉकसाहेबांनी १६८९ सालीच छापून टाकलंय. फाट्यावर त्यातला मोकळेपणा तेवढा गळतो. संमती चालूच.

हाच रस्ता पुढे पौडवरून मुळशी धरणाकडे जातो. टाटांना मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची होती, सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा पुढे केला आणि मुळशी पेट्यातली भाताची खाचरं पाण्याखाली घालायचं ठरलं. खाचरवाल्यांची संमती? रस्त्यावरून चालत असतीलच की! १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला आणि ती मोडली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. पुढारी पांडुरंग महादेव बापट. ते 'सेनापती' झाले ते इथेच, आणि तुरुंगातही गेले.

पण खरी मेख कागदात होती. बऱ्याच जमिनी गहाणवटीतून सावकारांकडे गेलेल्या. त्यांचा जीव खाचरात नव्हता, दरात होता. दर पटला, त्यांनी मोबदला घेतला. म्हणजे करार झाला, तोही रीतसर. फक्त ज्याची चूल बुडणार होती तो करारात कुठेच नव्हता. तात्त्विक ग्रंथांतला सामाजिक करार निदान काल्पनिक असतो. हा खरा होता, म्हणून जास्त वाईट.

योगायोग बघा. सत्याग्रहाच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १९२१मध्ये, तिकडे बाल्टिमोरला तत्त्वज्ञ जॉन रॉल्स जन्मला. पन्नास वर्षांनी, १९७१मध्ये, त्याने युक्ती सुचवली: समाजाचे नियम ठरवणाऱ्यांना अज्ञानाच्या पडद्याआड बसवा. आपण गिरणीमालक निघणार, सावकार की कूळ, हे कुणालाच ठाऊक नको. पुष्कळांच्या भल्यासाठी थोडे बुडाले तर बुडाले, या हिशेबावरच त्याचा राग होता. पडद्याआडच्या सावकारानेही दराआधी विचारलं असतं, "आणि मला वसवणार कुठे?"

मुळशीत पडदा नव्हता. कोण बुडणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर निर्णय इतका सोपा गेला.

धरण झालं. पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कोकणात जातं. आता पुण्याला तहान लागलीय आणि मुळशीचं पाणी मुळात आपल्याच खोऱ्यातलं, असा साक्षात्कार झालाय. निवेदनं निघतात, बैठका होतात. त्यांत धरणग्रस्तांचाही उल्लेख असतो. बहुधा शेवटच्या मुद्द्यात, चहा आल्यानंतर.